टिटलिसच्या दिवशी चार सरोवरांची पायवाट जमवावी का?

मंजिरी_क

नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण स्वित्झर्लंडला जात आहोत. आई-बाबा सत्तरीचे आहेत, रोज सकाळी तासभर चालतात. मात्र आईचा एक गुडघा उतारावर दुखतो. बाकी मी, नवरा आणि चौदा वर्षांचा मुलगा. मुक्काम लुत्सर्नला आहे आणि एक पूर्ण दिवस एंगेलबर्गसाठी राखून ठेवला आहे.

आमच्या ओळखीतले जवळजवळ सगळेच सहलीच्या कंपन्यांबरोबर एंगेलबर्गजवळच्या टिटलिस या डोंगरावर जाऊन आले आहेत. फिरत्या केबल कारमधून वर जायचे, बर्फात फोटो काढायचे आणि जेवून खाली उतरायचे, एवढाच तो दिवस असतो. नकाशा पाहताना मात्र माझ्या लक्षात आले की त्याच मार्गावरच्या ट्रूबझे या मधल्या स्थानकापासून एक पायवाट निघते. ती खिंड ओलांडून ओळीने चार सरोवरांच्या काठाने जाते आणि संध्याकाळी वेगळ्याच खोऱ्यात उतरते. मुलाने सह्याद्रीत बरीच भटकंती केली आहे, त्यामुळे त्याने ही वाट पाहिल्यापासून हट्टच धरला आहे.

ही वाट एका दिवसात करून रात्री लुत्सर्नला परतता येते का? आई-बाबांना सोबत न्यावे का? टिटलिस आणि सरोवरे यांतून एकच निवडायचे झाले, तर तुम्ही काय निवडाल? प्रत्यक्ष चालून आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पायरव

मंजिरीताई, नक्की जमते. या वाटेवर मी वेगवेगळ्या ऋतूंत चाललो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लुत्सर्नहून एंगेलबर्गची गाडी पाऊण तासात पोहोचते. गावाची उंची साधारण १,००० मीटर आहे. तिथून गोंडोलाने (केबल कारच्या छोट्या डब्याने) ट्रूबझेला उतरावे. हे पहिले सरोवर १,७६४ मीटरवर आहे. सपाट काठाने पलीकडे गेले की योखपासची चढण सुरू होते. खिंड २,२०७ मीटरवर असल्यामुळे जवळपास साडेचारशे मीटर चढावे लागते, आणि ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी खिंडीपर्यंत चेअरलिफ्ट आहे. खिंडीपलीकडे उतरताना एंग्स्टलेनझे (१,८५० मीटर) संपूर्ण दिसू लागते. त्याच्या काठाने एंग्स्टलेनआल्प या वस्तीवर यायचे, तिथून डोंगराच्या कडेने टानआल्पला चढायचे आणि पुढे पठारावरून टानेनझे (१,९७६ मीटर) व मेल्खझे (१,८९१ मीटर) पाहत मेल्खझे-फ्रुटला पोहोचायचे. फ्रुटहून गोंडोला श्ट्योकआल्पला उतरवते, तिथून बसने सार्नेन आणि सार्नेनहून गाडीने लुत्सर्न.

संपूर्ण चालल्यास पाच ते सहा तास लागतात, तेही थांबे न धरता. खिंडीपर्यंत लिफ्ट घेतली तर तासाभराहून अधिक वेळ वाचतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर सरोवरे हेच आहे.

निशिगंधा

पायरव यांच्याशी पूर्ण सहमत. मला एका गोष्टीचे मनापासून वाईट वाटते. २०१५ पासूनच्या नव्या गोंडोलाने एंगेलबर्गहून थेट श्टांड स्थानकापर्यंत जाता येते आणि तिथून फिरती रोटेअर सुरू होते. मध्ये ट्रूबझेला गोंडोलाची दारे उघडतात. आपल्या सहलींतली माणसे उठू लागतात आणि मार्गदर्शक त्यांना बसायला सांगतो, कारण वरच्या जेवणाची वेळ ठरलेली असते. दारे पुन्हा बंद होतात. सरोवर त्या दारापासून काही मिनिटांच्या अंतरावर असते, पण हजारो मराठी माणसे ते न पाहताच परतली आहेत.

दिगंबर_वसई

मी इथे विरोधी मत मांडतो, कृपया गैरसमज नसावा. मंजिरीताईंचे आई-बाबा सत्तरीचे आहेत आणि त्यांच्या दृष्टीने हा प्रवास कदाचित पुन्हा घडणार नाही. टिटलिसचे वरचे स्थानक ३,००० मीटरच्या वर आहे. तिथे सप्टेंबरातही पायाखाली बर्फ असतो, आणि ज्या माणसाने आयुष्यभर कोकणातला पाऊसच पाहिला त्याला तो बर्फ हातात घेऊन पाहण्याचा आनंद होतो. माझे वडील वर गेल्यावर कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. रोटेअर ही १९९२ मध्ये सुरू झालेली जगातली पहिली फिरती केबल कार आहे, तिचेही त्यांना अपार कौतुक वाटले. चालणाऱ्यांनी चालावे, पण टिटलिस म्हणजे केवळ फोटो काढायची जागा आहे असा सूर लावणे मला पटत नाही.

पायरव

दिगंबरजी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तुमच्या वडिलांविषयी वाचून बरे वाटले. माझे म्हणणे एवढेच की एकाच दिवसात टिटलिसचा माथा आणि चारही सरोवरे दोन्ही करण्याचा घाट घालू नये. सकाळी पहिल्या गोंडोलाने वर जाऊन आले तरी ट्रूबझेला परत उतरेपर्यंत अकरा-साडेअकरा वाजतात. त्यानंतर पाच-सहा तासांची वाट धरली, तर पुढे सगळे लक्ष घड्याळाकडेच राहते आणि फ्रुटच्या शेवटच्या गोंडोलाची धाकधूक सुरू होते. एंग्स्टलेनझेच्या काठी निवांत बसता येणार नसेल, तर ही वाट चालण्यात काय अर्थ राहिला?

सुमेधा_त्सुरिख

मी गेली काही वर्षे त्सुरिखमध्ये राहते. वाटेच्या खुणांविषयी लिहिते, कारण पहिल्यांदा येणाऱ्यांचा गोंधळ तिथेच होतो.

इथे पायवाटांचे तीन प्रकार आहेत. नुसती पिवळी खूण असलेली वाट सर्वांसाठी असते. पांढरी-लाल-पांढरी खूण म्हणजे डोंगरवाट. तिथे चांगली पकड असलेले बूट हवेत, पाय स्थिर हवा आणि उंचीची भीती नसावी. पांढरी-निळी-पांढरी खूण दिसली, तर अनुभव आणि साधनसामग्री असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. चार सरोवरांच्या वाटेवर खिंडीकडचा आणि टानआल्पच्या चढणीचा भाग डोंगरवाटेत मोडतो. ट्रूबझेची प्रदक्षिणा मात्र अगदी सोपी आहे आणि साधारण तासाभरात होते.

पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर लिहिलेले नसतात, तास आणि मिनिटे असतात. ही वेळ न थांबता चालणाऱ्याची असते. सपाट वाटेवर ताशी चार किलोमीटरहून थोडा अधिक वेग धरून आणि चढ-उतारांचा हिशोब करून ती काढतात. फोटो, पाणी, डबा आणि गुडघ्याची विश्रांती त्यात धरलेली नसते, त्यामुळे आई-बाबा सोबत असतील तर पाटीवरच्या वेळेत निम्मी भर घालून नियोजन करा.

अनिकेत_गो

थोडे अवांतर होईल, पण सरोवरांसाठीच जायचे असेल तर त्सेरमाटची पंचसरोवरांची वाट विचारात घ्यावी, असे सुचवतो. ब्लाउहेर्डपासून (२,५७१ मीटर) सुरू होऊन ती श्टेलीझे, ग्रिंड्यीझे, ग्र्यूनझे, मोस्यीझे आणि लाइझे अशी सुनेगाला येते. पाचांपैकी तीन सरोवरांत मॅटरहॉर्नचे प्रतिबिंब दिसते आणि श्टेलीझेमधले प्रतिबिंब तर सकाळी वारा सुटण्यापूर्वी पाहावे असे आहे. चालायला अडीच-तीन तास पुरतात आणि बहुतेक वाट उताराची आहे. सुनेगाहून खाली नेणारी रेल्वे डोंगराच्या पोटातून जाते आणि काही मिनिटांत गावात पोहोचवते.

सुमेधा_त्सुरिख

अनिकेत, ती वाट सुंदर आहे यात वाद नाही. पण लुत्सर्नहून एका दिवसात त्सेरमाट करणे म्हणजे जाऊन-येऊन सहा तासांहून अधिक गाडीतच जाणे. शिवाय मंजिरीताईंच्या आईचा गुडघा उतारावर दुखतो, म्हणजे 'बहुतेक वाट उताराची' हा त्यांच्यासाठी फायदा नाही.

केतकी_प

इंटरलाकेनच्या बाजूला मुक्काम असणाऱ्यांसाठी नोंदवून ठेवते. ग्रिंडेलवाल्डहून फर्स्टपर्यंत गोंडोलाने गेले की तिथून बाखआल्पझे तासाभराच्या चालीवर आहे. वाट रुंद आहे, चढ सौम्य आहे आणि त्याच वाटेने परत यायचे असल्यामुळे वाटेल तिथून मागे फिरता येते. पलीकडे श्रेकहॉर्न आणि फिन्स्टरआरहॉर्न उभे असतात. ज्येष्ठांना घेऊन आल्प्समधले उंचावरचे सरोवर दाखवायचे असेल, तर इतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही.

रा_म_देव

चर्चा वाचून आनंद झाला. मी भूगर्भशास्त्र शिकवत असे, त्यामुळे मंजिरीताईंच्या मुलासाठी थोडे लिहितो.

या वाटेवर चार सरोवरांचे रंग एकसारखे दिसणार नाहीत आणि त्याचे कारण पाण्याच्या उगमात आहे. ट्रूबझेला टिटलिसच्या हिमनदीचे वितळलेले पाणी मिळते. हिमनदी सरकताना खालचा खडक घासते आणि त्याचे पिठासारखे बारीक चूर्ण होते. हे कण इतके सूक्ष्म असतात की अनेक दिवस पाण्यात तरंगत राहतात, सूर्यप्रकाश विखुरतात आणि पाण्याला दुधाळ हिरवट-निळी छटा देतात. उन्हाळ्याच्या भरात, वितळण्याचा वेग वाढतो तेव्हा ही दुधाळ झाक अधिक दिसते. ज्या सरोवरांत पावसाचे, झऱ्यांचे आणि हिवाळी बर्फाचे पाणी अधिक येते, त्यांचा तळ काठाजवळ स्वच्छ दिसतो आणि खोल भाग गडद निळा वाटतो. मुलाला सांगा, काठावर बसून ओंजळीत पाणी घे आणि उन्हात धरून पाहा. फरक तिथेच कळेल.

अशी सरोवरे तयार होण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. हिमनदी मऊ किंवा तडे गेलेल्या खडकात खोलगट भाग कोरते आणि पुढे आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध घालते. बर्फ मागे हटला की त्या खळग्यात पाणी साचते. ही क्रिया आजही चालू आहे. सुमारे १८५० मध्ये लघुहिमयुग, म्हणजे काही शतकांचा थंडीचा काळ, संपले. तेव्हापासून स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये जवळपास १,२०० नवी सरोवरे तयार झाल्याची नोंद तिथल्या शास्त्रज्ञांनी केली आहे. त्यांतली सुमारे एक हजार आजही आहेत. सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्या, म्हणून आपल्या घाटमाथ्यावर अशी नैसर्गिक सरोवरे दिसत नाहीत. आपल्याकडे दिसतात ती खडकात खोदलेली टाकी, तळी आणि धरणांचे जलाशय.

विश्वास_ठाकूर

देव सर, उत्तम माहिती. यावरून एक शंका येते. टानेनझे हे सरोवर मुळात वीजनिर्मितीसाठी बांध घालून तयार केलेले आहे, आणि मेल्खझेची पातळीही बांधानेच वाढवलेली आहे. मग 'चार सरोवरांची वाट' असे म्हणताना त्यांतली दोन सरोवरे माणसाच्या हातची आहेत, हे पर्यटन खात्याच्या पत्रकांत ठळकपणे का लिहीत नाहीत? मी अखेरचा टप्पा चाललो तेव्हा पाणी उतरलेले होते आणि टानेनझेच्या काठाला उघड्या मातीचा करडा पट्टा दिसत होता. पहिली दोन सरोवरे पाहून आल्यावर ते पाहून मन खट्टू झाले.

पायरव

विश्वासजी, तुमचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. भंडारदऱ्याचा जलाशयही माणसाने बांधलेलाच आहे, तरी रतनगडावरून तो पाहताना कोणाचा हिरमोड होत नाही. टानआल्पचे पठार हे शतकानुशतके गुरे चारण्याचे कुरण आहे. तिथे गवळ्यांची घरे आहेत, चीज करण्याची जागा आहे, डांबरी रस्ता आहे आणि आता बांधही आहे. आल्प्सचा हा भाग कधीच निर्मनुष्य अरण्य नव्हता. लोकांनी तिथे राहून, राबून त्याला हे रूप दिले आहे आणि मला ते पाहणे तितकेच महत्त्वाचे वाटते.

रा_म_देव

दोन्ही मते वाचली. पाण्याची पातळी हा ऋतूचाही भाग आहे. वसंताच्या अखेरीस असे जलाशय बरेच रिकामे असतात आणि बर्फ वितळल्यावर भरत जातात, त्यामुळे सप्टेंबरात चित्र बहुधा बरे असते. मेल्खझेच्या परिसरातला खडक चुनखडीचा आहे, तिथे पाणी भूमिगत वाटांनी झिरपते आणि आसपास गुहा आहेत. विश्वासरावांनी पुन्हा गेल्यास त्या दृष्टीने पाहावे.

गार्गी_डोंबिवली

गाईंविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. एंग्स्टलेनआल्प आणि टानआल्पच्या आसपास पायवाट थेट कुरणांतून जाते. वाटेवर विजेची तार आडवी असते आणि तिला प्लॅस्टिकची मूठ व आकडा असतो. मूठ धरून आकडा काढावा, सगळे पार झाले की पुन्हा अडकवावा आणि ओढून पाहावा. मागून कोणी येताना दिसत नसेल तर तार उघडी ठेवून मुळीच जाऊ नये.

वासरासोबतची गाय दिसली तर वाट सोडून लांबून वळसा घालावा आणि वासराला हात लावण्याचा मोह टाळावा. आपल्याकडच्या गोठ्यातल्या गाईची सवय असलेल्या आई-बाबांना हे आधीच समजावून सांगा. माझ्या सासऱ्यांनी प्रेमाने वासराला चुचकारले आणि त्याची आई मान खाली घालून आमच्या दिशेने आली. वेळीच मागे झालो म्हणून काही झाले नाही.

सप्टेंबरच्या मध्याला अनेक गावांत गुरे कुरणांवरून खाली आणतात. त्या दिवशी गाईंच्या डोक्यावर फुलांचे मुकुट आणि गळ्यात मोठ्या घंटा असतात. तुमच्या तारखांना आसपास असे काही आहे का, ते एंगेलबर्गच्या पर्यटन कार्यालयात अवश्य विचारा.

मोहन_सांगली

शाकाहारी मंडळींचे जेवण वाटेत होते का? आमचाही पुढच्या वर्षीचा विचार आहे.

सुमेधा_त्सुरिख

मोहनकाका, होते. ट्रूबझे, योखपास, एंग्स्टलेनआल्प, टानआल्प आणि फ्रुट या सगळ्या ठिकाणी खाण्याची सोय आहे, पण ऋतूच्या शेवटी कोणते उपाहारगृह चालू आहे ते आधी पाहावे. आल्पलरमाग्रोनेन नावाचा मॅकरोनी, बटाटे, साय आणि चीज यांचा पदार्थ मिळतो, त्यासोबत सफरचंदाचा गर देतात. त्यात कधीकधी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, म्हणून मागवताना 'ओने श्पेक' असे स्पष्ट सांगावे. कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की डोंगरावर बनवलेले पारंपरिक चीज बहुतेक वासराच्या जठरातल्या विरजणाने लावलेले असते.

पाण्याचा प्रश्न येत नाही. वस्त्यांजवळ लाकडी किंवा दगडी हौदांत नळाचे वाहते पाणी असते. त्यावर 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल, तर ते पिऊ नये.

गार्गी_डोंबिवली

काका, आम्ही मेथीचे ठेपले आणि लिंबाचे लोणचे नेले होते. एंग्स्टलेनझेच्या काठावर शेजारी बसलेल्या स्विस आजीबाईंनी एक ठेपला चाखला आणि कृती लिहून घेतली.

डॉ_हेमंत_जो

वैद्यकीय बाजू थोडक्यात मांडतो. एंगेलबर्गहून टिटलिसच्या वरच्या स्थानकापर्यंत अर्ध्या-पाऊण तासात सुमारे २,००० मीटर उंची वाढते. निरोगी ज्येष्ठांना थोडा वेळ थांबण्याने सहसा काही होत नाही. फार तर धाप लागते किंवा डोके जड वाटते. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा विकार असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. सरोवरांची वाट २,२०० मीटरच्या फार वर जात नाही, त्यामुळे उंचीचा त्रास होण्याची शक्यता बरीच कमी.

गुडघ्याबद्दल: योखपासवरून एंग्स्टलेनझेकडची उतरण साडेतीनशे मीटरची आहे. दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या काठ्या असतील तर गुडघ्यावरचा भार लक्षणीय कमी होतो, पण काठ्यांचा सराव घरीच महिनाभर करून घ्यावा. नव्या काठ्या नव्या वाटेवर पहिल्यांदाच हातात घेऊ नयेत.

श्रीधर_म्युनिक

हवामानाकडे दुर्लक्ष करू नका, एवढेच कळकळीने सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळ येण्याचा संभव असतो, सप्टेंबरात तो कमी होतो. तरीही ढग खाली उतरले की खिंडीच्या वर काही दिसत नाही आणि तापमान झपाट्याने घसरते. आदल्या संध्याकाळी मेटिओस्विस या स्विस हवामान खात्याचा अंदाज पाहावा आणि सकाळी ट्रूबझे व योखपासचे थेट कॅमेरे पाहूनच तिकीट काढावे. लुत्सर्नवर धुके असले म्हणून बेत रद्द करू नका. शरद ऋतूत खोरी धुक्याने भरलेली असतात आणि वर लख्ख ऊन असते. उलटही होते.

आणीबाणीसाठी ११२ लावावा. हेलिकॉप्टरने सुटका करणाऱ्या रेगा संस्थेचा क्रमांक १४१४ आहे. सगळ्यांच्या फोनमध्ये हे दोन्ही नोंदवून ठेवा, केवळ एकाच्या नको.

निशिगंधा

श्रीधर यांनी हवामानाचा विषय काढला म्हणून लिहिते. पूर्व स्वित्झर्लंडमध्ये पिझोलच्या डोंगरावर अशीच पाच सरोवरांची वाट आहे. चालायला ती याहून कठीण आहे आणि तिचा सर्वांत उंच भाग २,५०० मीटरपर्यंत जातो. त्या डोंगरावरची पिझोलची हिमनदी इतकी आक्रसली की २२ सप्टेंबर २०१९ रोजी लोक काळे कपडे घालून वर चढले आणि त्यांनी तिचा अंत्यविधी केला. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचे दहा टक्के बर्फ नाहीसे झाले. देव सर म्हणतात ती नवी सरोवरे ज्या बर्फाच्या जाण्याने तयार होत आहेत, तेच बर्फ जुन्या सरोवरांना रंग देत आहे. म्हणून मंजिरीताई, मुलाला ट्रूबझेच्या काठावरून टिटलिसच्या बर्फाची कड नीट पाहायला सांगा. तो माझ्या वयाचा होईल तेव्हा ती तिथे नसेल.

दिगंबर_वसई

निशिगंधाताई, तुमचा हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. बर्फ जाणार असेल तर टिटलिसवर आजच जायला हवे.

निशिगंधा

दिगंबरजी, हे मात्र मान्य करावे लागेल. जायला हरकत नाहीच, ट्रूबझेला उतरावे इतकेच माझे मागणे आहे.

मंजिरी_क

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस घरात हीच चर्चा चालू आहे. बाबांनी सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले आणि देव सरांचा प्रतिसाद मुलाने उतरवून घेतला.

आमचा बेत असा ठरतो आहे. पाचही जण सकाळी लवकर ट्रूबझेला उतरू. आई-बाबांबरोबर मी थांबेन. आम्ही सरोवराची प्रदक्षिणा करू, तिथे वल्ह्यांच्या होड्या आहेत असे कळले आहे, त्यात बसू, मग हवा स्वच्छ असेल तर टिटलिसला जाऊन येऊ. नवरा आणि मुलगा चेअरलिफ्ट न घेता चालत खिंड ओलांडतील, चारही सरोवरे करून फ्रुटमार्गे उतरतील. रात्री सगळे लुत्सर्नला भेटू.

यात काही चुकते आहे का? आईला योखपास तरी पाहायचा आहे, असे ती आज सकाळी म्हणाली.

पायरव

बेत उत्तम आहे. आईंसाठी एक बदल सुचवतो. ट्रूबझेची प्रदक्षिणा अर्धी झाली की तुम्ही योखपासच्या चेअरलिफ्टपाशीच असता. तिने तुम्ही तिघेही खिंडीत जा. वर उपाहारगृह आहे, तिथे बसून दोन्ही बाजूंची खोरी पाहा आणि त्याच लिफ्टने परत ट्रूबझेला उतरा, म्हणजे गुडघ्याला उतरण लागणारच नाही. नवरा आणि मुलगा चढून येईपर्यंत तुम्ही वर असाल, तर खिंडीत पाचही जणांना एकत्र चहा घेता येईल. त्यानंतर टिटलिसला वेळ उरेल की नाही, ते तिथेच ठरवा.

खिंडीत जी सीमा आहे ती मुलाला दाखवा. ट्रूबझे निडवाल्डन कँटनमध्ये (कँटन म्हणजे स्विस राज्य) आहे, पलीकडचे एंग्स्टलेनझे बर्न कँटनमध्ये, आणि टानेनझे व मेल्खझे ओबवाल्डनमध्ये. एका दिवसाच्या चालीत तो तीन कँटनांतून जाईल.

सुमेधा_त्सुरिख

पायरव यांच्या सूचनेला माझा पाठिंबा. व्यवहाराच्या काही गोष्टी राहिल्या आहेत. तुमच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर लुत्सर्न–एंगेलबर्ग गाडीचे वेगळे तिकीट लागत नाही आणि टिटलिसच्या केबल कारवर निम्मी सवलत मिळते. चालणाऱ्या दोघांनी वरपर्यंतचे परतीचे तिकीट काढू नये, त्यांना ट्रूबझेपर्यंतचे एकेरी पुरेल. खिडकीवर 'चार सरोवरांच्या वाटेने फ्रुटला जायचे आहे' असे सांगितले की ते योग्य तिकीट सुचवतात.

फ्रुटच्या गोंडोलाची आणि श्ट्योकआल्पच्या बसची शेवटची वेळ आदल्या रात्री एसबीबी या स्विस रेल्वेच्या ॲपवर पाहावी आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण वाटेत काही ठिकाणी नेटवर्क मिळत नाही. टानआल्पला पोहोचल्यावर पाय थकले असतील, तर तिथून फ्रुटपर्यंत उन्हाळी हंगामात रबरी चाकांची छोटी गाडी धावते. तिचे दिवस आणि वेळाही पाहून ठेवा. एंग्स्टलेनआल्पला पोहोचतानाच फार उशीर झाला किंवा हवा बिघडली, तर पुढे टानआल्पच्या चढणीला लागू नये. तिथून मायरिंगेनला जाणारी बस आहे, तिच्या फेऱ्या मोजक्या असतात. मायरिंगेनहून ब्र्यूनिग खिंडीमार्गे गाडीने थेट लुत्सर्नला येता येते.

मंजिरी_क

मायरिंगेनची बस आम्हाला माहीतच नव्हती. आता आई योखपासपर्यंत नक्की येणार, आणि काठ्या उद्याच आणते आहोत. मुलाच्या बुटांचा तळ गेल्या पावसाळ्यात राजगडावर झिजला आहे, तेही बदलावे लागतील का?

डॉ_हेमंत_जो

बदलाच, आणि आत्ताच बदला. नवे बूट निदान तीन-चार आठवडे वापरून पायाला बसू द्यावेत. टानआल्पच्या चढणीवर वाटेच्या एका बाजूला उतार आहे, तिथे झिजलेला तळ चालणार नाही.

गार्गी_डोंबिवली

आणि ठेपल्यांचे दोन डबे करा. एक खिंडीत पाच जणांसाठी, दुसरा पुढे जाणाऱ्या दोघांसाठी.